मिन्कोच्या डोक्यावरचा क्रूस

गाब्रोवो, ३ एप्रिल २०२५

मिन्को,

तू जिवंत आहेस हे मला ठाऊक होतं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुला तसं वाटणार नाही.

परवा, एक एप्रिलला, सकाळी पाव आणायला उतरलो. बसथांब्याच्या पाटीवर नवा मयताचा कागद लागला होता. आपल्या वयाची माणसं आधी तो वाचतात, मग बसची वेळ बघतात. काळी चौकट, चौकटीत फोटो, आणि फोटोत तू. केस विस्कटलेले, कॉलरचं एक टोक वर, पंच्याऐंशी सालातली ती खोडकर नजर. खाली छापलं होतं: 'मिन्को द्रांदारोव. अनेक वर्षं झाली, तो आपल्यात नाही.' त्याखाली दोन ओळींची कविता. आणि तळाला: 'गणनकेंद्रातले सहकारी.'

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. कारण अकरा जणांपैकी उरलो आपण दोघं. त्यातला तू चौकटीत. मग सहकारी म्हणजे कोण रे? मी एकटा.

हे मी केलेलं नाही. म्हणजे माझ्या हातून झालं, पण केलं यंत्रानं. सांगतो.

आपली 'मोल्या' आठवते तुला? शहाऐंशीच्या एक एप्रिलला केंद्राच्या भिंतीवरच्या वर्तमानपत्रात तू लिहिली होतीस. 'मोल्या: जगातली पहिली सभ्य संगणकभाषा. कार्डांना भोकं पाडायची गरज नाही. यंत्राला साध्या शब्दांत विनंती करा, जेवून या, तयार प्रोग्राम घेऊन जा.' नियम पहिला: 'मोल्या' म्हणजे 'कृपया', विनंतीत तो शब्द नसेल तर यंत्र रुसतं. नियम दुसरा: विनंती वरिष्ठांची असेल तर यंत्र आधी होकार देतं आणि मग विचार करतं. नियम तिसरा: तुम्ही बोललात तेवढंच यंत्र करेल, तुमच्या मनात काय होतं ते बायकोला विचारा. आम्ही सगळे त्या भिंतीसमोर पोट धरून हसलो होतो. आपली येलिसावेता तर जमिनीवरच बसली.

मार्चच्या शेवटी रालित्सा, माझी नात, सोफियाहून आली होती. ती आपल्याच धंद्यातली. मी टेबलावर आपला जुना गट-फोटो घेऊन बसलो होतो. आपल्या माणसांचे वर्षाचे कागद मीच लावतो, कित्येक वर्षं. मजकूर लिहायचा, मयताच्या दुकानात द्यायचा, ते छापून चिकटवतात. आता तारखा विसरायला लागलो होतो.

"यासाठी प्रोग्राम करून टाकू आजोबा," रालित्सा म्हणाली. "सांगा काय हवंय."

"सांगा काय? आधी तक्ते मांड, आकृती काढ—"

"काही नको. माणसाला सांगता तसं सांगा. फोन ऐकतोय."

मी फोनकडे बघत, खुळ्यासारखा घसा खाकरून, बोललो. या फोटोत ज्यांच्या डोक्यावर क्रूस आहे ते गेलेले. प्रत्येकाच्या तिथीला कागद तयार कर, दोन ओळी चांगल्या घाल, दुकानात पाठव. तारीख ठाऊक नसेल त्याला एक एप्रिल धर, तो आमच्या केंद्राचा सण. फोटोतल्या प्रत्येकाबद्दल, तुझ्याबद्दलही, नावानिशी एकेक वाक्य सांगितलं. रालित्सानं फोटो फोनला दाखवला आणि चीज भरलेल्या बानित्साचा तुकडा तोंडात टाकला. तो गिळून व्हायच्या आत म्हणाली, "झालं."

"काय झालं?"

"प्रोग्राम."

"लिहिला कुणी?"

"तुम्हीच की, आत्ता. बसून बोललात ना?"

मिन्को, मी आ वासून बसलो. बत्तीस वर्षं मी एकेका चुकलेल्या चिन्हासाठी हातभर लांबीचे कागद चाळले. डोळे त्यातच गेले. आणि इथे पोरीच्या ओठावरचा बानित्साचा चुरा अजून पुसला गेला नव्हता. मला हसू यायला हवं होतं. आपलीच तर थट्टा ती! पण हसायला बाजूला बघितलं तर शेजारी भिंत.

तर मला वाटतं, फोटोत तुझ्या डोक्यावर काहीतरी डाग असणार. शाईचा किंवा दमटपणाचा. यंत्राला तो क्रूस वाटला. बस, एवढंच.

गाव मात्र खूष आहे. एक एप्रिल, आणि तेही थट्टेसाठी आणि कंजुषीसाठी नावाजलेल्या गाब्रोवोत! बेकरीवाला म्हणाला, "पेन्यूदादा, द्रांदारोव काही सुधारला नाही हां. पुढं महाग होईल म्हणून मरण आत्ताच उरकून घेतलं!" दिवसभर लोक तुझ्या फोटोसमोर उभे राहून हसत होते. असा मान आपल्या गावात महापौरालाही मिळत नाही.

एक माणूस हसलं नाही. तुझी तोत्काताई. तिच्या इमारतीच्या दरवाज्यावरही कागद लागला, कारण तू रूसे शहरात गेलास त्याआधीचा तुझा पत्ता तोच. चौकट आणि फोटो पाहिल्यावर खालचं तिनं वाचलंच नाही; ती तिथंच पायरीवर बसली. मग वर जाऊन तिनं तुझ्या नावानं मयताचा गहू उकडला, साखर घातली, चर्चमध्ये नेला, मेणबत्ती लावली, येऊन चारी मजल्यांवर वाटीवाटीनं वाटला. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. आणि संध्याकाळी, तुझ्या घराची किल्ली कुणाकडे आहे विचारावं म्हणून, तुझ्याच नंबरवर फोन लावला. तू "हॅलो" म्हणालास.

पुढं काय झालं ते तुला माहीत आहे. मला तिनं जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. "अरे मुडद्या," ही त्यातली सगळ्यात मऊ हाक.

उत्तर दे. शिव्या दे, पण दे.

पेन्यू

गाब्रोवो, ९ एप्रिल

मिन्को,

तुझा निरोप तोत्काताईनं दिला. 'मेलेली माणसं पत्रांना उत्तर देत नाहीत, म्हणावं.' तो दिल्यावर तिनं दार लावून घेतलं.

तुझा राग कळतो. पण मी स्वस्थ बसलेलो नाही, हे तरी ऐक. चाकू आणि पाण्याची बाटली घेऊन मी कागद काढायला निघालो. एकोणीस ठिकाणी लावलेत दुकानवाल्यानं. माझ्यावर त्याचा जीव आहे. बसथांब्यावरचा पहिलाच खरवडायला घेतला तोच मागून आवाज.

"अहो! लाज नाही वाटत? मयताचा कागद फाडताय?"

डोक्याला रुमाल बांधलेली, हातात कांद्याची जुडी घेतलेली बाई. वय माझ्याच आसपास.

"बाई, हा माणूस जिवंत आहे."

"आमचेही आमच्यासाठी जिवंतच आहेत! म्हणून काय कुणी येऊन फाडायचं? पाऊस नेईल तेव्हा नेईल!"

तिचं चुकलं असं कसं म्हणू? आपल्यात हे कुणी करत नाही. कागद ऊन खातं, पाऊस खातो, वरून दुसऱ्याचा कागद चिकटतो. माणसाच्या हातानं तो निघत नाही. आणखी दोघं जमले. एक पोलीसही थांबला. मी चाकू खिशात घातला आणि चोरासारखा घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या: 'हा माणूस जिवंत आहे.' त्या प्रत्येक कागदाखाली चिकटवल्या. तिसऱ्या दिवशी बघतो तर बसथांब्यावर त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं: 'पुरावा?' पुलापाशी: 'त्याला स्वतः येऊन सांगू दे.' कारखान्याच्या फाटकाजवळ: 'मीही. पण माझ्या बायकोला सांगू नका.' तू असतास तर यातला एक तरी तूच लिहिला असतास.

आणि कवितेबद्दल. मी ती तुला पाठवली नव्हती. आता लिहितो.

*तुझी खुर्ची आम्ही कुणाला दिली नाही;*
*हसू आलं की आधी तिकडेच बघतो.*

हे यंत्रानं लिहिलं. मी फक्त एवढंच सांगितलं होतं की मिन्को हसवायचा. रालित्साला फोन करून विचारलं, "हे कुठून उचललं त्यानं?" ती म्हणाली, "कुठून नाही, आजोबा. जुळवलं." मला शाळेतल्या बाईंनी फळ्यावर लिहिलेल्या कविता अजून पाठ आहेत, ऱ्हस्वदीर्घासकट. कुठली ओळ खोटी वाजते ते मला झोपेत कळतं. मिन्को, या ओळी खोट्या वाजत नाहीत. त्या वाचून मी बसथांब्यावर उभा राहून रडलो, आणि मग घाबरलो.

डागाबद्दल तोत्काताईनं विचारलं. खिडकीतून, दार न उघडता. "पेन्यू, त्या फोटोत माझ्या भावाच्या डोक्यावर नक्की काय आहे?"

मी भिंग घेऊन पाहिलं. क्रूसच आहे, मिन्को. लहानसा, पण क्रूसच. मला वाटतं, वेलाच्या हातून झाला असेल. माझी बायको शेवटच्या दिवसांत माणसं एकमेकांत मिसळायची. मी बाहेर गेलेलो असताना तिनं फोटो हातात घेतला असेल, कुणाचातरी क्रूस चुकून तुझ्यावर काढला असेल. बिचारी. तिला दोष देऊ नकोस.

जुनं सगळं वर येतंय त्यामुळं एक लिहितो. शहाऐंशीत जे झालं ते दोघांच्याही नशिबाचं. सोफियाच्या त्या पाहुण्यानं भिंतीवरची 'मोल्या' खरी समजली, आणि संचालकांना 'साहेब, ती थट्टा आहे' म्हणायचा धीर झाला नाही, यात तुझी-माझी काय चूक? प्रयोग करून दाखवा म्हणाले, आपण दाखवला. तू पाहुण्यासमोर पडद्यापाशी, मी भिंतीआड मागच्या खोलीत, यंत्र बनून. जमलंही होतं. मी तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो: तू शेवटी हसला नसतास तर त्याला संशय आला नसता.

पेन्यू

गाब्रोवो, २२ एप्रिल

मिन्को,

मागचं पत्र फाडून टाक. वाचलंच नसशील तर वाचू नकोस.

ईस्टरला रालित्सा आली. तोत्काताईही आली, रालित्सानं तिला जाऊन, हात धरून आणलं. एकमेकांवर आपटून फोडायची लाल अंडी टेबलावर होती, गोड पावही होता. कुणी अंडं हातात घेईना. रालित्सानं तो फोटो फोनमध्ये एवढा मोठा केला की तुझा कान बशीएवढा झाला.

"आजोबा," ती म्हणाली, "बाकीचे नऊ क्रूस बॉलपेनचे आहेत. निळे. हा एकटा जांभळा आहे, शाई पसरलेली. हा सगळ्यात जुना आहे."

"असेल."

"आजी सात वर्षांपूर्वी आजारी पडली. ही शाई तिच्या आजाराआधीची आहे. आजीवर ढकलू नका."

 तोत्काताईनं माझ्याकडे बघितलं, तू बघायचास तसं, डोकं जरा तिरकं करून. जांभळी शाई केंद्राच्या नोंदवहीची होती. ती घरी कुणी नेत नसे.

क्रूस मी काढला. सांगतो.

त्या दिवशी आपलं ठरलं होतं: पाहुणा ठरलेली विनंती करेल, विश्रामगृहाच्या सुट्ट्यांची यादी, ती मी आदल्या दिवशीच तयार ठेवली होती. आणि त्यानं भलतंच काही मागितलं तर मी एवढंच पाठवायचं: 'विनंती समजली नाही.' यादी गेली. पाहुणा टाळ्या वाजवायला लागला. आणि मग माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'आता कृपया आईवर चार ओळी.'

मिन्को, तोपर्यंत मला उभ्या आयुष्यात कुणी कविता मागितली नव्हती. पहिल्यांदाच कुणीतरी मागत होतं, आणि त्याला मी तिथं आहे हेच माहीत नव्हतं.

मी लिहायला लागलो. तीन ओळी सरळ गेल्या. चौथीत 'खिडकी' लिहिलं, आणि वाटलं, इथं 'उंबरठा' हवा. मी मागं गेलो. तुमच्या बाजूला, पाहुण्याच्या डोळ्यांदेखत, एकेक अक्षर पुसलं गेलं असेल आणि नवं उमटलं असेल. भिंतीतून त्याचा आवाज मला स्पष्ट आला.

"यंत्र शब्द बदलतं का हो?"

तू हसला नव्हतास. मी शब्द बदलला. एवढी वर्षं मी लोकांना तुझं हसू सांगत आलो, वेलालाही तेच सांगितलं, आणि इतक्यांदा सांगितलं की मला ते दिसायलाही लागलं होतं.

मी मागच्या दारानं अंगणात गेलो. कॉफी तशीच टेबलावर राहिली, वाफ येत होती. तुझा आवाज ऐकला मी: "आत कुणी नाही. मीच सगळं आधी भरून ठेवलं होतं." दुसऱ्या दिवशी संचालकांनी बोलावलं. मी लिहून दिलं की त्या वेळी मी दातांच्या डॉक्टरकडे होतो. दात दुखत नव्हता. पुढच्या आठवड्यात जाऊन मी तो खरंच उपटून घेतला, कागदावर खोटं राहू नये म्हणून. चांगला, मजबूत दात होता.

तुला त्याच आवारातल्या चामड्याच्या गोदामात धाडलं. मला तुझी जागा दिली. रोज सकाळी मी फाटकातून आत शिरायचो तेव्हा तू गाडीवर कातडी रचत असायचास, आणि मला बघून टोपी काढायचास.  थुंकला असतास तर मी संध्याकाळी घरी जाऊन जेवलो असतो. पाचव्या दिवशी मी तुझ्याच खुर्चीत बसून, तुझ्याच ड्रॉवरमधून तो फोटो काढला, आणि जांभळ्या शाईनं तुझ्या डोक्यावर क्रूस काढला. तेव्हा आपण अकराच्या अकरा जिवंत होतो.

तू मरावंस असं माझ्या मनात नव्हतं. फाटकात टोपी काढणारं कुणी नको होतं, एवढंच. पुढं तू रूसेला निघून गेलास आणि मला हायसं वाटलं. मग माणसं खरोखर मरायला लागली, एकेक. सगळ्यात आधी येलिसावेता. तिच्यावर मी तीच खूण केली, दुसऱ्यावर तीच, म्हणजे तुझी एकटी दिसू नये. त्यांच्या मरणात मी तुझं लपवत गेलो.

यंत्रानं काही चुकीचं वाचलं नाही. मी ज्याच्यावर क्रूस काढला होता त्याला त्यानं मेलेला धरलं. आणि 'तुझी खुर्ची आम्ही कुणाला दिली नाही.' एकोणीस वर्षं बसलो त्या खुर्चीत. निवृत्तीच्या दिवशी तिचा एक पाय मोडला तो मीच चिकटवला.

हे सगळं मी ईस्टरच्या टेबलावर मोठ्यानं सांगितलं. रालित्सा उठून खिडकीपाशी गेली. ती माझ्या गणनकेंद्राच्या गोष्टी ऐकत वाढली आहे. त्या गोष्टींतला शूर माणूस मी असायचो. तिथूनच ती म्हणाली, "मिन्कोआजोबा रूसेला कुठं राहतात?"

तोत्काताईनं विचारलं, "हे त्याला लिहिणारेस?"

"लिहितो आजच."

"लिही, लिही. पत्रात काय, कुणीही शूर असतो. चाळीस वर्षं भिंतीआडून बोललास, आता पाकिटाआडून बोल." आणि अंडं न फोडताच पिशवीत टाकून निघाली.

पेन्यू

रूसे, ६ मे, तुझ्या जिन्यात

मिन्को,

मी तुझ्या दाराबाहेर आहे. चौथा मजला, मध्ये दोनदा बसलो. संत गेओर्गीचा दिवस, अख्ख्या जिन्यात भाजलेल्या कोकराचा वास सुटला आहे, फक्त तुझ्या दारातून नाही. आतून रेडिओ ऐकू येतोय, हवामान सांगतायत. दान्यूब नदीची पातळी.

तीनदा घंटा वाजवली. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं, शाळेत कविता पाठ करायचो तसं, खिडकीकडे तोंड करून, ओठ हलवत. शेजारच्या सीटवरची मुलगी उठून दुसरीकडे जाऊन बसली. पण तुझ्या दाराशी तोंड उघडलं आणि घशातून आवाजच येईना. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, फळ्यासमोर उभा केलेल्या मुलासारखा.

म्हणून पुन्हा कागद. चिडू नकोस. वहीतलं पान फाडून तीन ओळी लिहिल्या आणि ते मघाशीच दाराखालून सरकवलं. 'मी पेन्यू. भिंतीमागं मी होतो. तोंडानं सांगायला आलोय.' फट बारीक आहे, पान पुरतं आत गेलं नाही. एक कोपरा माझ्या बुटाजवळ बाहेर राहिला.

तुझी शेजारीण बाहेर आली. अंगावर पीठ उडालेली, हातात चिमटा.

"कुणाकडे?"

"द्रांदारोव."

"ते उघडत नाहीत कुणाला. आहेत पण आत, सकाळी खोकला ऐकला मी. नातेवाईक?"

"सोबत काम करायचो."

"मग चांगले ओळखत असाल. हट्टी आहेत ना?"

"हट्टी मी आहे," मी म्हटलं. तिला वाटलं विनोद केला, हसली, आणि आतून स्टूल आणून दिलं. मग ताटलीत कोकराचा तुकडा आणि पाव. मी म्हटलं, आधी त्यांना नेऊन द्या. ती म्हणाली, "दरवर्षी ठेवते दाराशी. रिकामी ताटली परत मिळते, धुतलेली. माणूस मात्र दिसत नाही."

मी ताटली तुझ्या पायपुसण्यावर ठेवली आहे. निवेल. घे.

माझी बस साडेसहाची आहे. चुकली तर चुकली. रालित्सा म्हणत होती, "मी येते सोबत, तुम्हाला बोलायला जमणार नाही." मी तिला नको म्हटलं. आज माझ्या वतीनं कुणी बोलायला नको. ती नको आणि तो तिचा फोनही नको.

गुडघ्यावर वही ठेवून लिहितोय, अक्षर वेडंवाकडं आलंय. रेडिओवर आता गाणी लागली. तू आवाज वाढवलास का कमी केलास, कळत नाही.

कमी केलास. मला माझ्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

थांब. मघाचं ते पान, ज्याचा कोपरा माझ्या बुटाजवळ बाहेर होता. आत्ता खाली बघितलं. कोपरा नाही.

हे पान मी सरकवत नाही. वही मिटतो आणि उठतो, गुडघा देईल तेवढा. उरलेलं तोंडानं सांगतो.